जोर, बैठका आणि झोप



ज्या गुरुजींच्या स्मृतिदिनी आपण गावकरी दरवर्षी जमतो, त्यांच्या तालमीत मी बाराव्या वर्षी गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दहा जोर आणि पंधरा बैठका काढून घेतल्या आणि म्हणाले, "झालं. आता घरी जा." शेजारी मोठी पोरं तीन-तीनशे बैठका मारत होती. मला ते फार लागलं. घरी येऊन, गोठ्यामागे कोणी नाही असं बघून, मी दोनशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी उकिडवं बसता येईना, आणि माळ्यावरून खाली यायचं तर भिंत धरावी लागे.

त्या संध्याकाळी मी तालमीच्या उंबऱ्यातून आत आलो आणि गुरुजींनी माझी चाल बघूनच विचारलं, "किती घातल्यास?" मी खरा आकडा सांगितला. ते रागावले नाहीत. चुलीतला कोळसा घेऊन त्यांनी तालमीच्या भिंतीवर माझ्या नावाखाली एक रेघ ओढली, तिच्यावर १५ लिहिलं आणि म्हणाले, "ही तुझी रेघ. ती कधी वर सरकवायची ते मी सांगणार. तोवर चार दिवस मातीत उतरायचं नाही. बसून बघायचं, आणि रात्री लवकर झोपायचं."

पुढे मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो, या विषयावरची पुस्तकं वाचली, हजारो मुलांना मैदानावर उभं केलं. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्या पुस्तकांतलं जे पायाचं होतं ते त्या संध्याकाळी मला मिळालं होतं. शरीराकडून कालच्यापेक्षा थोडंसंच जास्त मागायचं. जे हवं आहे नेमकं तेच मागायचं. आणि मागून झालं की शरीराला ते करायला वेळ द्यायचा. यातली तिसरी गोष्ट आपण सगळ्यात जास्त विसरतो, म्हणून आज तिच्यावरच मी जास्त बोलणार आहे.

आधी माझ्या मांड्यांचं काय झालं ते सांगतो. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू वजन पेलत पेलत लांबत असतो. सवय नसताना हे शंभरदा, दोनशेदा केलं की स्नायूच्या तंतूंना डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक इजा होतात, तिथे सूज येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं शिगेला पोचतं. "अंगात आम्ल साचलंय, घाम काढला की जाईल" असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. व्यायामात तयार होणारं लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. आणि एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. एखाद्या पोरानं ईर्ष्येनं अचानक अतोनात व्यायाम केला आणि नंतर त्याची लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. फुटलेल्या स्नायूंमधला ऐवज रक्तात उतरून मूत्रपिंडांवर येतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

बारीक इजा मात्र भरून निघते, आणि भरताना शरीर बांधकाम थोडं जादा करून ठेवतं. चांगली मेहनत झाली की स्नायूत नवी प्रथिनं रचण्याचा वेग वाढतो आणि तो साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो. म्हणजे आपण तालमीतून घरी येतो, जेवतो, गाढ झोपतो, त्या वेळात ताकद घडत असते. तालमीत घडते ती फक्त मागणी. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. पेरणी केल्यावर कोंब आला का म्हणून रोज माती उकरून बघणाऱ्याच्या वाट्याला पीक येत नाही.

आता 'थोडंसं जास्त' म्हणजे किती?

प्राचीन ग्रीसमध्ये क्रोटोन गावचा मायलो नावाचा मल्ल होता. त्याची दंतकथा अशी की तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेलं तशी त्याची ताकद वाढत गेली आणि शेवटी तो अख्खा बैल उचलू लागला. कथा खरी मानायची गरज नाही, पण तिच्यातला हिशेब खरा आहे. तो शास्त्रात नीट मांडला गेला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हे डॉक्टर गुडघ्याच्या जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्या वेळची रीत होती हलकं वजन आणि खूप वेळा. डीलॉर्म यांनी जड वजन दिलं, थोड्याच वेळा, आणि रुग्णाला झेपेल तसं ते चढवत नेलं. त्यांच्या पद्धतीत दहाच वेळा उचलता येईल असं वजन हे माप धरलं जाई, आणि माणूस जसजसा बळकट होई तसतसं ते माप नव्यानं ठरे. १९४५ मध्ये त्यांनी हे छापलं आणि पुनर्वसनाची दिशाच बदलली. मला त्यात गुरुजींची कोळशाची रेघ दिसते. रेघ प्रत्येकाची वेगळी होती, आणि ती सरकत होती.

ती हळू का सरकवायची, याची कारणं मोठी रंजक आहेत. नवशिक्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत भराभर बळकट होतो, पण त्याचे दंड फारसे जाड झालेले नसतात. ती वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला कसे लावायचे हे मेंदू शिकतो. स्नायू त्यानंतर वाढतो. आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहूनही सावकाश बळकट होतात, कारण त्यांना रक्ताचा पुरवठा कमी. दोन महिन्यांत पोराला वाटू लागतं की आपण बैल झालो. स्नायू ओढायला तयार असतो, पण ज्या दोरखंडानं ओढायचं तो अजून जुनाच असतो. खांदे, कोपर आणि टाचेमागची शीर याच टप्प्यावर जायबंदी होतात. जिममध्ये जानेवारीत गेलेला मुलगा मार्चमध्ये खांदा धरून माझ्याकडे आला, असं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याचं दुःख वाटतं. त्याला कोणी रेघ ओढून दिलेली नसते.

दुसरी गोष्ट, हवं तेच मागायचं. हिच्यासाठी आपल्याच मातीतला माणूस घेतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जन्म १९२६. कोल्हापूरच्या लाल मातीत त्यांची कुस्ती मुरली. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती पायाला धरते, अंगाला चिकटते, कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि तिथे गादी होती. गादीवर पाय वेगळा सरकतो, पकड वेगळी बसते, घड्याळ चालू असतं, गुण मोजले जातात. गादीचा सराव त्यांना जवळजवळ नव्हता. तरीही त्यांनी फ्लायवेटमध्ये सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला, एक गट वर, बँटमवेटमध्ये त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरात आजही आदरानं सांगितली जाते.

खाशाबांची ताकद मातीवर आणि गादीवर एकच होती. पण शरीर 'ताकद' अशी एकच वस्तू साठवून ठेवत नाही, ते त्या त्या हालचालीची तयारी साठवतं. टेनिस खेळणाऱ्याच्या ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचं हाडसुद्धा दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेलं आढळतं. एकाच माणसाचं एकच रक्त, एकच आहार, आणि तरी दोन हात वेगळे. मागणी जिथे झाली तिथेच भर पडली. म्हणूनच आज आपल्या राज्यात एकाच स्पर्धेत गादी विभाग आणि माती विभाग वेगळे ठेवावे लागतात.

हे मी पोलीस भरतीच्या पोरापोरींसाठी मुद्दाम सांगतो आहे. पहाटे पाचला हायवेच्या कडेनं धावणारी तुमची मुलं मला दिसतात. मुलांना १६०० मीटर धावायचे आहेत, मुलींना ८००. आणि त्यांतली कित्येक रोज, एकही दिवस न चुकवता, एकाच संथ चालीनं सहा-सात किलोमीटर धावतात. संथ धावण्यानं हृदय आणि दम यांचा पाया होतो, तो हवाच. पण परीक्षेत वेगानं धावायचं आहे, तर वेगाची मागणी कधीतरी करायला हवी. हेलसिंकीच्या त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. मॅरेथॉन तर ते आयुष्यात पहिल्यांदा धावत होते. त्यांचा सराव म्हणजे ४०० मीटर वेगानं, मग थोडं सावकाश, पुन्हा ४०० मीटर, असा कितीतरी वेळा. त्यांच्याइतक्या फेऱ्या तुम्ही करू नका. आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरच्या चार-पाच वेगवान फेऱ्या, मध्ये दम पूर्ण परत येईपर्यंत चालणं. एक दिवस लांब आणि संथ. एक दिवस मधल्या वेगाचं. उरलेल्या दिवसांत गोळाफेकीचा सराव, पायांची ताकद, आणि एक दिवस काहीच नाही. ऊन वाढलं की पहिले दहा-बारा दिवस वेग कमी ठेवा, कारण उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला तेवढा वेळ लागतो. भरतीच्या मैदानावर कोसळणारी मुलं आळशी नसतात.

पुन्हा हेलसिंकीकडे येतो. खाशाबांची जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लढत झाली, ती शेवटपर्यंत लांबली आणि खाशाबा हरले. सांगतात ते असं की त्या थकव्यातून बाहेर यायच्या आत त्यांना सोविएत संघाच्या रशीद मामदबेयोव यांच्याशी लढायला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये विसाव्याचा जो अर्धा तास द्यायचा तो मिळाला नाही, आणि त्यांच्या बाजूनं हरकत घ्यायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. इशी यांना सुवर्ण मिळालं, मामदबेयोव यांना रौप्य. पुरेसा विसावा मिळता तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण वर्षानुवर्षांची मेहनत अंगात असूनसुद्धा त्या क्षणी अर्ध्या तासाची किंमत काय होती, हे कुस्ती खेळलेल्या प्रत्येकाला कळतं.

इथे मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. गावात मी व्यायामाविषयी बोललो की कोणीतरी म्हणतंच, "सर, आमच्या बायका दिवसभर रानात राबतात, त्यांना कसला व्यायाम सांगता?" या प्रश्नानं मी बरीच वर्षं अडलो होतो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई बघा. ओझं तर आहेच, आणि ते रोज आहे. मग ती बाई वयाच्या पस्तिशीत कंबर धरून का बसते? तिचं ओझं तिच्या रेघेप्रमाणे वाढत नाही, ते मुकादमाच्या उचलीप्रमाणे ठरतं. हालचाल एकाच प्रकारची, तासन् तास, म्हणजे ठरावीक सांधे झिजतात आणि बाकीचं शरीर तसंच राहतं. पोटात पुरेसं अन्न नाही, अंगात रक्त कमी. पहाटे चारला उठायचं आणि सगळ्यांच्या मागून झोपायचं. दुरुस्तीला लागणारे २४ तास तिला कधी मिळतच नाहीत. श्रम आणि व्यायाम यांच्यात फरक घामाचा नाही. व्यायाम करणाऱ्याला थांबायचा हक्क असतो. तो हक्क तिला मिळवून देणं हे आरोग्याचंच काम आहे असं मी मानतो, आणि त्यासाठी तिला आणखी दहा बैठका सांगायला मी जाणार नाही. तिला झोप हवी, रक्तवाढीच्या गोळ्या हव्यात, आणि घरातल्या कामाला दुसरे दोन हात हवेत.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढून-उतरून. दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या. हृदयविकार वाहकांमध्ये लक्षणीय कमी आढळला. मॉरिस मोठे प्रामाणिक संशोधक. त्यांनी स्वतःच शंका घेतली की मुळात जाड माणसं चालक होत असतील तर? मग त्यांनी गणवेशांची मापं तपासली, आणि चालकांच्या विजारी नोकरीला लागतानाच कंबरेला मोठ्या होत्या असं निघालं. तेही त्यांनी छापलं. टपाल खात्यातल्या माणसांचाही अभ्यास त्यांनी केला होता. तिथेही फिरून पत्रं वाटणाऱ्यांची हृदयं बसून काम करणाऱ्यांपेक्षा बरी निघाली. माझं लक्ष वाहकाच्या जिन्याकडे जातं. पायऱ्या पुष्कळ, पण थोड्या थोड्या. चढलं की तिकिटं फाडायला जरा थांबायचं, मग पुन्हा उतरायचं. त्याच्या श्रमात मध्ये मध्ये श्वास होता.

विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळणं असं मात्र कोणी समजू नका. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना, विशीतल्या, तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले, आता पन्नाशीतले, अंगानं सुटलेले. तीस वर्षांच्या वयानं त्यांची जितकी क्षमता गेली होती त्याहून त्या तीन आठवड्यांत जास्त गेली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू चालायला, धावायला, सायकल मारायला लावलं आणि वयानं गेलेली ती क्षमता परत आली. मिळवलेलं वापरलं नाही तर शरीर ते काढून टाकतं, कारण स्नायू पोसायला महाग असतो. पण पुन्हा मागितलं तर पुन्हा देतं.

गुरुजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ओसरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. नातेवाईक म्हणाले, आता पडूनच राहा. रुग्णालयात तर त्यांना आठवडाभर कोणी उभंच केलं नाही. घरी आल्यावर त्यांनी नातीला हाक मारून पलंगाशेजारच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढून घेतली. तिच्यावर आकडा होता ३. पलंगाच्या कडेला बसायचं, हात छातीशी धरायचे, उभं राहायचं, बसायचं. तीनदा. दिवसाआड. मी भेटायला गेलो तेव्हा रेघ ८ वर होती आणि ते मला म्हणाले, "आज नाही, आज विश्रांतीचा वार आहे. उद्या ये, दाखवतो."

१९९० साली बॉस्टनला एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, जड वजन, चढत्या मापानं. एकानं मध्येच सोडलं. बाकीच्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांनी काठी टाकली. "आता या वयात काय" असं म्हणणाऱ्या माझ्या बहिणींना आणि भावांना मी हा आकडा सांगत असतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडा थोडा जातच असतो. म्हातारपणी संडासातून हात न टेकता उठता येणं आणि न येणं यांत सगळं स्वावलंबन असतं, आणि ते मांड्यांत असतं.

आकडे विचारणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं प्रौढांसाठीचं माप असं आहे: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सावरण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस करावा. मध्यम म्हणजे किती, तर चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणायला दम पुरू नये. इतकं साधं माप आहे. खुराकाबद्दल पोरं पावडरीचे डबे विचारतात. उसळ, पिठलं, दूध, अंडी नियमानं पोटात जात असतील तर बहुतेकांना डब्याची गरज नाही. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आता तालमीच्या समितीकडे एक मागणी करतो. तालीम सकाळी आणि संध्याकाळी भरते. दुपारी तीन ते चार ती रिकामी असते आणि आत गारवा असतो. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार म्हणू, ती साठीपुढच्या बायकांसाठी उघडावी. मातीत कोणी उतरायचं नाही. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून उभ्यानं जोर, एका पायावर तोल सांभाळणं, आणि वाळूच्या लहान पिशव्या, अर्ध्या किलोपासून. मी शिकवायला येईन, पैसे नकोत. गुरुजींच्या नातीनं मोजायला उभं राहायचं कबूल केलं आहे. भिंतीची एक बाजू चुन्यानं सारवून द्या, नावं लिहायला जागा लागेल. आणि दहा खुर्च्या हव्यात, लाकडी, जड, बिनहाताच्या. प्लॅस्टिकच्या नकोत, त्या उठताना मागे सरकतात.